एक पाटी की दोन? दोन छोट्या सफाई-व्यवसायांची जाहिरात

 

आजचा विषय माझ्या व्हरांड्यात सुरू झाला. आमच्या ओळखीचे एक सुभेदारसाहेब आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, शेवटची नेमणूक लखनौ छावणीत झाली, मुलांच्या शाळा इथेच होत्या म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांनी घरसफाईचं काम सुरू केलं. घर धुऊनपुसून देणं, सोफे, पंखे, स्वयंपाकघराचा चिकटा, बाथरूम-शौचालय, गच्चीवरची पाण्याची टाकी. चार मुलं कामाला, एक जुनी व्हॅन, दोन मशिनं.

वहिनींचा व्यवसाय वेगळा. त्या चिकनचे कपडे धुऊन देतात. कुर्ते, साड्या, दुपट्टे. हाताने धुणं, डाग काढणं, कलफ देणं म्हणजे आपली खळ, आणि उलट्या बाजूने इस्त्री. मदतीला दोन बायका.

दिवाळीच्या आधी दोघं माझ्याकडे आले. जाहिरातीसाठी ३०,००० रुपये बाजूला काढले होते. निवृत्तीच्या पैशातले. सुभेदारसाहेब म्हणाले, "साहेब, दोन्ही कामं सफाईचीच आहेत. एक नाव, एक पाटी, एक पत्रक. खर्च निम्मा." वहिनी गप्प होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझ्या बायका बिथरतील." बायका म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं.

मंडळी, हाच प्रश्न मला या मालिकेत अनेकांनी वेगवेगळ्या रूपात विचारलाय. नवऱ्याचं एक काम, बायकोचं एक. दोघा भावांची दोन दुकानं. जाहिरात एकत्र करायची की वेगळी? आज यावर सविस्तर बोलू.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

पहिली गोष्ट. "एकत्र की वेगळं" असं आपण म्हणतो तेव्हा दोन प्रश्नांची गल्लत करतो. एक प्रश्न पाटीचा: लोकांसमोर कोणतं नाव जाणार? दुसरा कोठाराचा: फोन, गाडी, हिशेब, साबण, सामान, हे एकत्र ठेवायचं का?

लष्करातलं उदाहरण देतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, ११ गोरखा रायफल्सचं केंद्र इथे लखनौला. दोघांचं नाव वेगळं, निशाण वेगळं, युद्धघोष वेगळा. ते एक करा म्हटलं तर दोन्हीकडचा जवान नाराज होईल, कारण नाव हीच त्याची ओळख. पण शिधा आणि इंधन दोघांनाही पुरवतं ते आर्मी सर्व्हिस कोअर. तिथे कोणी म्हणत नाही की माझं पीठ वेगळ्या गोदामातून आलं पाहिजे.

छोट्या व्यवसायालाही हेच लागू. कोठार एकत्र केल्याने पैसे वाचतात, आणि गिऱ्हाइकाला ते दिसतही नाही. पाटी एकत्र करणं ही मात्र वेगळी गोष्ट, कारण पाटी गिऱ्हाइकाच्या मनात जाऊन बसते. सुभेदारसाहेबांना खर्च वाचवायचा होता. तो वाचवायची जागा कोठारात होती, आणि ते वाचवू पाहत होते पाटीवर.

एकत्र पत्रकाचं काय झालं

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी पाचशे पत्रकं छापून वाटली होती. वर मोठं नाव, खाली कामांची यादी: सोफा, शौचालय, पाण्याची टाकी, आणि त्याच यादीत शेवटी चिकनच्या साड्या.

वहिनींच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, गोमतीनगरच्या एका बाईंनी, पत्रक पाहून फोन केला आणि सरळ विचारलं, "माझा कुर्ता त्याच बादलीत भिजतो का?" वहिनींनी समजावलं. बाई "हो हो" म्हणाल्या. पण पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून कपडे आले नाहीत. आणखी दोन घरांतूनही यायचे थांबले.

दुसरीकडे त्या पत्रकाने घरसफाईची कामं वाढली का? थोडी. जेवढी नुसत्या घरसफाईच्या पत्रकाने वाढली असती तेवढीच. चिकनच्या ओळीमुळे एकही जादा काम आलं नाही.

असं का झालं ते समजायला चिकन काय आहे हे बघावं लागेल. लखनौचं चिकनकाम म्हणजे बारीक भरतकाम. मुर्री, फंदा, बखिया, जाली असे त्याचे टाके. आधी कापडावर लाकडी ठशांनी कच्च्या निळ्या रंगात नक्षी छापतात, त्यावर सुईकाम करतात आणि मग कपडा धुऊन ती निळाई काढतात. म्हणजे धुणं हा या कलेतलाच एक टप्पा आहे. गोमतीकाठचे धोबी पिढ्यान् पिढ्या हे काम करत आले आहेत. २००८ साली लखनौच्या चिकनला भौगोलिक मानांकन मिळालं. असा कपडा दुसऱ्याच्या हाती देताना बाईच्या मनात भीती एकच: टाका उसवेल, जाळी फाटेल. तिला हवा असतो नाजूक हात. घरसफाईला माणूस बोलावताना तिला हवा असतो जोर: घासणारा, चिकटा काढणारा, कोपरे न सोडणारा. एकाच पत्रकावर "आम्ही जोरात घासतो" आणि "आम्ही अलगद धुतो" असं लिहिलं, की दोन्हींवरचा विश्वास पातळ होतो.

डेटॉल आणि हार्पिक

मोठ्या कंपन्या हे फार आधी शिकल्या. तुमच्या घरात डेटॉल असेल, हार्पिक असेल, कदाचित लायझॉलही. तिन्ही एकाच कंपनीची आहेत, रेकिट. डेटॉलचं नाव इतकं मोठं की ते साबणावर लागलं, हात धुण्याच्या द्रवावर लागलं. पण शौचालयासाठी हार्पिक हेच वेगळं नाव राहिलं. जखमेवर लावायच्या, अंगाला लावायच्या वस्तूचं नाव शौचालयाच्या बाटलीवर लागलं, तर बाटलीचा थोडा फायदा होईल, पण साबणाचं काय होईल याचा विचार करा.

दुसरं उदाहरण सर्फचं. हिंदुस्तान लिव्हरने सर्फ आणली १९५९ साली. पुढे गुजरातमधून करसनभाई पटेलांची निरमा आली, स्वस्तात, आणि घराघरात पोचली. उत्तर देताना लिव्हरने स्वस्त पावडरीला सर्फचं नाव दिलं नाही. व्हील हे वेगळं नाव काढलं. सर्फ महाग पण चांगली, हे लोकांच्या मनात बसवायला वर्षं गेली होती. दूरदर्शनवरच्या ललिताजी आपल्या पिढीला अजून आठवतात. तेच नाव स्वस्त पाकिटावर टाकलं असतं, तर ती सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

म्हणून पहिला नियम: एका कामाचा विचार मनात आल्यावर दुसऱ्या कामावरचा विश्वास कमी होत असेल, तर पाट्या वेगळ्या.

एक अवघड मुद्दा

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. शौचालय साफ करणाऱ्या माणसाबद्दल आपल्या समाजात जी किळस आहे, ती सगळी स्वच्छतेपोटी नाही. त्यात जातीचा हिशेब आहे. मग पाट्या वेगळ्या करून आपण त्याच भेदभावाला मान देतो का?

मी बराच विचार केला. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका दोन प्रकारची असते. "तीच बादली, तोच ब्रश का?" ही रास्त शंका. तिचं उत्तर कामाच्या पद्धतीत आहे: वेगळी बादली, वेगळे हात, वेगळी जागा, आणि ते दाखवायची तयारी. "शौचालय धुणाऱ्याच्या घरात माझा कपडा नको" ही दुसरी. तिला शंका म्हणू नये, तो भेदभाव आहे, आणि त्याच्यापुढे वाकायचं कारण नाही. वेगळं नाव हे कामाची ओळख स्पष्ट व्हावी म्हणून घ्यायचं, माणसं लपवायला नाही. कोणी विचारलं की हे काम तुमच्या नवऱ्याचं का, तर वहिनींनी हो म्हणायचं, मान वर करून. हे आम्ही त्याच दिवशी ठरवलं.

याला जोडूनच एक सूचना. पत्रकावर नुसतं "टाकी सफाई" लिहू नका, "पिण्याच्या पाण्याची टाकी" असं पूर्ण लिहा. सुभेदारसाहेबांना सेप्टिक टाकीसाठीही फोन येत. सुरक्षासाधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आत साचलेल्या वायूने काही क्षणांत जीव जातो. ते काम यंत्र असलेल्यांचं. त्यासाठी मुलं पाठवायची नाहीत, कितीही पैसे कबूल केले तरी.

मग एक पाटी कधी चांगली?

आता उलट बाजू. पुण्याची बीव्हीजी, म्हणजे भारत विकास ग्रुप, तुम्हाला माहीत असेल. रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड यांनी टाटा मोटर्समधली नोकरी केली, मग १९९७ साली त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात सफाईचं काम घेतलं. आज त्यांचे लोक कारखाने, रुग्णालयं, सरकारी इमारती सांभाळतात. २०१४ पासून महाराष्ट्रातली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही त्यांच्याकडे आली. सफाई कुठे आणि रुग्णवाहिका कुठे! तरी नाव एकच.

ते कसं चालतं? कारण त्यांचं गिऱ्हाईक गृहिणी नाही, संस्था आहे. संस्था विचारते: तुमच्याकडे माणसं आहेत का, वेळेवर येतात का, कागदपत्रं पक्की आहेत का, चूक झाली तर जबाबदार कोण? या प्रश्नांचं उत्तर दोन्ही कामांना एकच आहे. शंभर माणसं वेळेवर हजर करणारा दोनशेही करील, असा विश्वास एका कामातून दुसऱ्या कामात जातो. तिथे दोन पाट्या लावल्या तर उलट प्रत्येक पाटी लहान दिसेल.

म्हणून दुसरा नियम: विकत घेणारा एकच असेल आणि दोन्ही कामांत त्याला एकाच गुणाची गरज असेल, तर पाटी एक.

आणि मधला मार्गही आहे. युरेका फोर्ब्ज ही कंपनी १९८२ मधली. टाय लावून दारात येणारा त्यांचा विक्रेता शहरांत सगळ्यांना ओळखीचा होता. त्याच्याकडे दोन गोष्टी: धूळ ओढणारं युरोक्लीन आणि पाणी शुद्ध करणारं ॲक्वागार्ड. धुळीच्या मशिनाचं नाव पाण्याच्या मशिनाला दिलं नाही. पण दारात येणारा माणूस एकच, आणि त्याच्यामागे कंपनी एकच. नावं दोन, उंबरठा एक. लहान कुटुंबाच्या व्यवसायाला हा मार्ग पुष्कळदा बरा पडतो.

वहीसमोर बसा

आता तुमच्या बाबतीत काय? त्यासाठी मी त्या दोघांना चार प्रश्न दिले. तुम्हीही घ्या.

१. गिऱ्हाइकं खरोखर एकच आहेत का? अंदाज नको, वही काढा. सहा महिन्यांची नावं दोन रकान्यांत लिहा आणि दोन्हीकडे असलेल्यांवर खूण करा. सुभेदारसाहेबांना खात्री होती की निम्मी तरी घरं सारखी निघतील. निघाली सात. घरसफाईची कामं मुख्यतः नव्या फ्लॅटमधून येत होती, तर चिकनचे कपडे जुन्या घरांतून आणि दोन शिक्षिकांच्या ओळखीतून.

२. गरज एकाच वेळी लागते का? घरसफाईचा जोर नवरात्र ते दिवाळी. चिकनचा जोर उन्हाळ्यात आणि ईदच्या आधी. शिवाय सहालग, म्हणजे इकडचा लग्नसराईचा काळ. दिवाळीच्या पत्रकावर चिकन लिहिलं तर ते वाचणाऱ्याच्या पेटीत त्या वेळी लोकरीचे कपडे असतात.

३. गिऱ्हाईक कुठून येतं? घरसफाईला लोक फोनवर शोधतात, जवळचा कोण ते बघतात आणि तारे मोजतात. चिकन धुवायला देणारी बाई मैत्रिणीला विचारते. म्हणजे पहिल्यासाठी गूगलवरची नोंद आणि तिथले अभिप्राय महत्त्वाचे, दुसऱ्यासाठी तोंडी शिफारस. एकाच जाहिरातीने दोन्ही होत नाही.

४. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याचं काय? मुलाच्या हातून सोफ्याचं कापड खराब झालं आणि गूगलवर एक तारा पडला, तर एका नावाखाली तो चिकनवरही पडतो. हे उलटही होतं.

चारपैकी तीन उत्तरं "वेगळं" निघाली तर पाट्या वेगळ्या ठेवा. तीन "एकच" निघाली तर एक करा. दोन-दोन झाली तर युरेका फोर्ब्जचा मार्ग घ्या.

कागदपत्रांचं काय?

पुष्कळांना वाटतं की नावं दोन केली की जीएसटीची मर्यादाही दोनदा मिळते. तसं नाही. सेवा देणाऱ्यासाठी उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात वर्षाला २० लाख रुपयांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण ही उलाढाल पॅन क्रमांकावर मोजतात. एकाच माणसाच्या पॅनवर दोन पाट्या असतील तर दोन्हींची बेरीज होते. सुभेदारसाहेब आणि वहिनी यांचे व्यवसाय खरोखर वेगळ्या मालकीचे आहेत, बँक खाती वेगळी आहेत, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा. कर चुकवण्यासाठी कागदावर वेगळं करणं ही दुसरी गोष्ट, तिच्या वाटेला जाऊ नका.

उद्यम नोंदणीचंही तसंच. एका व्यवसायाला एकच नोंदणी, पण तिच्यात कितीही कामं दाखवता येतात. त्यामुळे एकाच मालकाच्या दोन पाट्यांना दोन उद्यम क्रमांक लागत नाहीत.

नावाची नोंदणी म्हणजे ट्रेडमार्क. इमारतींची सफाई आणि कपडे धुणं दोन्ही ३७ व्या वर्गात येतात. वर्ग एक असला तरी नावं दोन तर अर्ज दोन. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येकी ४,५०० रुपये सरकारी शुल्क. नोंदणी दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण. पहिल्या दिवशी याची घाई नको, पण ते नाव आधी दुसऱ्या कोणाचं नाही ना, एवढं शोधून मगच पाटी रंगवा. आणि गूगलवर एकाच कामाच्या दोन नोंदी करू नका. दोन खऱ्या, वेगळ्या व्यवसायांच्या दोन नोंदी चालतात. एकाच व्यवसायाला दोन मुखवटे चढवले तर नोंद काढून टाकली जाऊ शकते.

शेवटी काय ठरलं

पाट्या दोन ठेवल्या. फोन मात्र एक, आणि तो उचलते त्यांची मुलगी. ती आधी विचारते, घराचं काम की कपड्यांचं, आणि मग वहीच्या त्या पानावर लिहिते. व्हॅन एक, पण कपड्यांची पेटी वेगळी, झाकणाची, आणि ज्या फेरीत बादल्या असतील त्या फेरीत कपडे न्यायचे नाहीत. हिशेब ठेवणारा माणूस एक, वह्या दोन.

३०,००० असे वाटले: १२,००० घरसफाईला, नवरात्रापूर्वीची पत्रकं आणि गूगलवरच्या नोंदीसाठी चांगले फोटो. ८,००० चिकनला, पण ते उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यातून प्रत्येक धुतलेल्या कपड्याबरोबर जाणारी छोटी चिठ्ठी: कपडा कसा ठेवावा, कसा वाळवावा आणि खाली वहिनींचं नाव. ४,००० एका तिसऱ्या गोष्टीला, ती सांगतोच. उरलेले ६,००० राखीव. राखीव फौज न ठेवता सगळी आघाडीवर पाठवणारा सेनापती एकदाच लढतो.

तिसरी गोष्ट अशी. लखनौत छोटी अतिथिगृहं आणि मुलींची वसतिगृहं पुष्कळ आहेत. त्यांना खोल्याही साफ करून हव्यात आणि चादरी-पडदेही धुऊन हवेत. तिथे घेणारा एकच आणि त्याला पाहिजे एकच गोष्ट, वेळेवर काम. म्हणून त्यांच्यासाठी एका कागदावर दोघांचा मिळून प्रस्ताव केला. खाली दोन्ही नावं, दोन्ही सह्या, बिलं मात्र दोन, ज्याची त्याची. म्हणजे घरांच्या दारात वेगळे आणि संस्थांच्या दारात एकत्र. असं करायला कोणाची बंदी नाही, फक्त कोणत्या दारात आपण उभे आहोत हे ठाऊक हवं.

थांबलेल्या तीन घरांपैकी दोन परत आली. गोमतीनगरच्या बाईंकडे वहिनी स्वतः गेल्या, कपडे कुठे भिजतात ते बघायला या म्हणाल्या. बाई आल्या, पाहून गेल्या. तिसरं घर आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "असू दे. त्यांना बादलीचं नव्हतं, आमचंच होतं." मी त्यावर काही बोललो नाही.

मंडळी, या आठवड्यात तुमची वही काढा आणि ते दोन रकाने लिहा. दोन्हीकडे किती नावं निघाली ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात बोलू कामाचा दर कसा ठरवायचा आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही कसं म्हणायचं यावर. तोवर रामराम. जय हिंद.